विटा पाडणाऱ्या हातांनी उभे केलेले नाक

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात एका मराठी माणसाचे चित्र छापून आले. नाव कावसजी, शेती करणाऱ्या जातीतला मराठा. १७९२च्या म्हैसूरच्या युद्धात तो इंग्रजी फौजेचे बैल हाकत असताना टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. चित्र काढणारा जेम्स वेल्स. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचे गाजलेले तैलचित्र त्याचेच. वेल्सचे, कावसजीचे आणि ही शस्त्रक्रिया पाहिलेल्या मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रूसो या डॉक्टरचेही नाव छापले गेले. ज्याने नाक घडवले त्याचे मात्र कोणी टिपून ठेवले नाही, याची खंत वाटते.

कृती वाचताना थक्क व्हायला होते. आधी मेणाचा पातळ पत्रा उरलेल्या नाकावर बसवून सुबक आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांमधली एक पट्टी मात्र अखंड ठेवायची, कारण कातडी जगते ती तिच्यातून येणाऱ्या रक्तावर. मग कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या कडेने घेतलेल्या छेदात तिची कड बसवायची. वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड. डोळ्यांमधली पट्टी तोडायची ती साधारण पंचविसाव्या दिवशी.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दहावा दिवस. त्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालत, त्या उघड्या राहाव्यात म्हणून. नाक दिसायला हवे तसे श्वासालाही मोकळे हवे, हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत हेच काम गालाच्या कातडीने सांगितले आहे आणि तिथेही नाकात नळ्या बसवायला सांगितले आहे. पुण्याची हकिकत वाचलेल्या जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यविशारदाने १८१४मध्ये कपाळाच्या कातडीची ही पद्धत स्वतः करून पाहिली.

रूप आणि श्वास यांची सांगड आजही सुटलेली नाही. समजा, मावळातल्या तिकोणा पेठ या गावातल्या एखाद्या तरुणाचे नाक लहानपणी पडून वाकडे झाले आहे, शिवाय सायनसचा जुना त्रास आहे. तिथून पुणे साधारण ६० किलोमीटर. नाकाच्या आकाराची आणि सायनसची शस्त्रक्रिया वेगवेगळी केली, तर दोनदा भूल, दोनदा रजा, दोनदा खर्च. मग दोन्ही एकदम का करू नये? योग्य रुग्ण निवडला तर करता येते, आणि अनेक तज्ज्ञांनी असे अनुभव प्रसिद्धही केले आहेत. नाकाचा पडदा सरळ करताना निघालेला कूर्चेचा तुकडा बाहेरच्या आकाराला आधार म्हणून वापरता येतो, ही सोय वेगळीच.

पण क्रम महत्त्वाचा. सहसा आधी दुर्बिणीने सायनस मोकळे करतात आणि नंतर बाहेरचे नाक. नाकाची हाडे आधी हलवली तर रक्ताने व सुजेने दुर्बिणीतले दिसेनासे होते, आणि तिथे चूक परवडत नाही: सायनस आणि डोळा यांच्यामध्ये कागदाइतके पातळ हाड असते, वर मेंदूचा तळ. म्हणून आधी सीटी स्कॅन हवाच. सायनसमध्ये पू साचलेला असेल तर आकाराची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण जंतुसंसर्ग नव्या कूर्चेपर्यंत पोचू शकतो. नाकात भरपूर कोंब (पॉलिप) किंवा बुरशी असेल तर सायनसवर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असतो. तिथेही घाई नको.

नाकाची हाडे हलवल्यावर डोळ्यांभोवती काळेनिळे होणे नेहमीचेच. धोका असा, की डोळ्यामागचा रक्तस्राव त्या सुजेत लपू शकतो. दृष्टी मंदावली, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, फार दुखू लागला किंवा वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे ठिबकू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ताबडतोब रुग्णालय गाठावे. मावळातल्या रुग्णाने पहिल्या काही रात्री पुण्यातच कुणा नातेवाइकाकडे काढाव्यात.