देवाचा टाळ, नाटकाचा ताल

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात मी एका शाळेत संगीत शिकवीत होतो, तेव्हाची गोष्ट. स्नेहसंमेलनासाठी मुलांचं एक नाटुकलं बसवलं होतं. सावकार गरिबाचं शेत लिहून घेतो आणि मागे पोरं ओळीनं उभी राहून भजनाचा टाळ धरतात, असा प्रसंग होता. तो सुरू झाला आणि भजनी मंडळातले एक बुवा उठून उभे राहिले. म्हणाले, "गुरुजी, देवाचा टाळ हाये तो. असल्या कामाले वापरता काय?"

शेगावच्या पालखीची वाट पाहणारा आमचा मुलूख. बुवांचा राग मला कळत होता. पण ती कल्पना माझी नव्हती. ती मी भास्कर चंदावरकरांकडून घेतली होती.

चंदावरकर (१९३६-२००९) हे पंडित रविशंकर यांचे सतारीतले शिष्य. पाश्चात्त्य संगीताचाही त्यांचा अभ्यास होता आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. 'प्रायोगिक संगीत' म्हटलं की कधी न ऐकलेले, चमत्कारिक आवाज आपल्या मनात येतात. चंदावरकरांचा मोठा प्रयोग मात्र अगदी ओळखीच्या आवाजांचा होता.

१९७२ साली विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' जब्बार पटेलांनी रंगमंचावर आणलं. संगीत चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. ओळीनं उभी असलेली माणसं हाच तिथला पडदा. ती गातात, डोलतात, पाठ फिरवतात. कीर्तन आणि लावणी एकमेकींना खेटून येतात. चाल गोड असते, म्हणून आपणही मान डोलावतो. तेवढ्यात समोर चाललेला अन्याय दिसतो आणि डोलणारी मान थबकते. नाटकाला कडाडून विरोध झाला, तरी १९८० साली ते युरोपभर गाजलं.

असाच एक संगीतकार जपानमध्ये होऊन गेला. तोरू ताकेमित्सु (१९३०-१९९६). त्याचं कोवळं वय महायुद्धात गेलं. पारंपरिक जपानी संगीत ऐकलं की त्याला युद्धाचे दिवस आठवत, म्हणून तो पाश्चात्त्य संगीताकडे वळला. गंमत म्हणजे जॉन केज या अमेरिकन संगीतकारामुळे त्याला स्वतःच्या परंपरेची किंमत कळली. १९६७ साली त्यानं 'नोव्हेंबर स्टेप्स' ही रचना न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदासाठी केली. त्यात बिवा हे तंतुवाद्य आणि शाकुहाची ही बांबूची बासरी पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी केली. त्यांची खिचडी मात्र केली नाही. दोघांना आपापल्या जागी ठेवलं आणि मधली शांतता ऐकू येऊ दिली. जपानी भाषेत या मोकळ्या जागेला 'मा' म्हणतात.

चंदावरकरांनाही शांततेची किंमत ठाऊक होती. २००४ सालचा 'श्वास' आठवा. दृष्टी जाणार असलेल्या लहानग्या परशाची ती गोष्ट. त्याचं संगीत चंदावरकरांचंच. यापुढे ज्याला जग कानांनीच पाहायचं आहे, त्याच्या गोष्टीत संगीतकाराला किती जपून बोलावं लागत असेल!

आता बुवांकडे येतो. कार्यक्रमानंतर मी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "बुवा, टाळ देवाचा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तर सावकाराचं पाप उघडं पडतं. तिथं दुसरं कुठलं वाद्य वाजलं असतं, तर तुम्ही उठला असता का?"

बुवा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग एक करा. अंगठा उठवते वेळी टाळ बंद करा. कागदाचा आवाज येऊ द्या."

पुढच्या प्रयोगात आम्ही तसंच केलं. टाळ थांबला, कागद सळसळला, आणि मांडवात कोणी खोकलंसुद्धा नाही. प्रयोग म्हणजे काय, हे मी पुस्तकातून शिकलो होतो. टाळ कुठं थांबवायचा, हे बुवांनी शिकवलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)