मात्रेचे गणित

कोलकात्याच्या दक्षिणेस, डायमंड हार्बरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा बेहाला ही जुनी आणि दाट वस्ती पसरलेली आहे. तेथे विद्यासागरांच्या नावाचे सरकारी रुग्णालय आहे, आणि परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या मुली अशा वस्तीतील साध्या घरांतूनच येतात. मुलगी या शिक्षणास निघाली की ती रक्त पाहून घाबरेल, रात्रपाळीने थकेल, अशी काळजी घरची माणसे करतात. तिला मात्र पुष्कळदा वेगळ्याच गोष्टीची धास्ती असते. ती म्हणजे औषधाच्या मात्रेचा हिशेब. शाळेत गुणाकार-भागाकारात सहसा न चुकणारी मुलगीही येथे गोंधळून जाते.

या गोंधळाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हिशेब स्वतः अवघड नसतो. त्यात चौथी-पाचवीच्या पलीकडचे काही नसते. परंतु शाळेत आकडे सुटे भेटतात, आणि रुग्णालयात ते निरनिराळ्या मापांची वस्त्रे नेसून येतात. डॉक्टर मात्रा लिहितात ती मिलिग्रॅममध्ये. बाटलीवर छापलेले असते की पाच मिलिलिटरमध्ये अमुक इतके मिलिग्रॅम. सिरिंजवरच्या खुणा असतात केवळ मिलिलिटरच्या. एकच मात्रा तीन ठिकाणी तीन रूपांत दिसते, आणि या तिन्ही रूपांची सांगड विद्यार्थिनीला उभ्या उभ्या घालावी लागते.

हृदयाच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिन या औषधाचे उदाहरण घ्यावे. त्याची गोळी सामान्यतः ०.२५ मिलिग्रॅमची असते. डॉक्टरांनी ०.१२५ मिलिग्रॅम द्यावे असे लिहिले आहे. पुस्तकातील सूत्र सांगते की हवी असलेली मात्रा भागिले हाती असलेली मात्रा. सूत्र नुसते पाठ केलेली मुलगी घाईत भागाकार उलटा मांडते, आणि उत्तर दोन गोळ्या असे येते. खरे उत्तर अर्धी गोळी हे आहे. म्हणजे मात्रा चौपट झाली. आणि या औषधाच्या बाबतीत गुण देणारी मात्रा व विषारी मात्रा यांतले अंतर फार थोडे असते. येथे भागाकार अचूक झाला, आकडेमोडीत एकही चूक नव्हती, तरीही रुग्णाचा जीव धोक्यात आला.

यावरचा उपाय सूत्राच्या आधी येतो. लिहिलेला आकडा गोळीतील आकड्याहून लहान आहे, तेव्हा उत्तर एका गोळीहून कमीच यावयास हवे, एवढे प्रथम मनाशी ठरवावे आणि मग पेन्सिल हाती घ्यावी. जुन्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ करून घेत असत. बंगालमध्ये शुभंकराच्या नावाने चालत आलेल्या शुभंकरी हिशेबाची अशीच परंपरा होती. त्या पाठांतराची पुढे थट्टा झाली, परंतु त्याने एक सवय लावली होती. पाव, अर्धा, दीड, अडीच हे शब्द ऐकताच त्यांचे आकारमान डोळ्यांपुढे उभे राहत असे. औषध देणाऱ्या हाताला नेमक्या या सवयीची गरज असते.

मापे बदलली की हिशेब कसा अडखळतो, याचा अनुभव साऱ्या देशाने एकदा घेतला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चलनात आले. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे सरळ होत; परंतु एका आण्याचे सव्वासहा होत, आणि तो पाव पैसा कोणी सोसावयाचा हा प्रश्न दुकानोदुकानी उभा राहिला. औषधांच्या जगातही पूर्वी ग्रेन, ड्रॅम, औंस ही मापे होती. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. वजन-मापांचा कायदा १९५६ साली झाला, आणि ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने रूढ होत गेली. जुन्या मापांची अडचण गेली. दशमान पद्धतीची स्वतःची एक अडचण मात्र राहिली. पैशांच्या घोटाळ्यात पाव पैसा हरवत असे. ग्रॅम, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांच्या घोटाळ्यात मात्रा एकदम हजार पटींनी चुकते. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम आणि एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. म्हणून हिशेबाची पहिली पायरी ही की सर्व आकडे प्रथम एकाच मापात आणावेत.

प्रमाणाच्या रूपात लिहिलेली औषधे आणखी फसवतात. ॲड्रेनॅलिनच्या कुपीवर ‘एकास हजार’ असे असेल, तर १००० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध आहे. ‘एकास दहा हजार’ असेल तर त्याच मिलिलिटरमध्ये औषध दहावा हिस्सा असते. आकडा मोठा म्हणून औषध तीव्र, असा समज येथे नेमका उलटा ठरतो.

कोलकात्यासारख्या शहरात लिपीही गोंधळात भर घालते. बंगाली लिपीतील चार हा आकडा इंग्रजी आठासारखा दिसतो, आणि बंगाली सात इंग्रजी नवासारखा. देवनागरीतला एक इंग्रजी नवाशी असाच मिळताजुळता आहे, हे मराठी वाचकांनाही ठाऊक असेल. म्हणून नोंदवहीत एकच लिपी वापरावी. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना दशांश चिन्हाच्या आधी शून्य अवश्य द्यावे, आणि पूर्ण एक लिहिताना चिन्ह व पुढचे शून्य कधीच देऊ नये. चिन्ह पुसट झाले की अर्ध्याचे पाच आणि एकाचे दहा होतात. युनिट हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे उमटते आणि दहाचे शंभर होतात.

इन्शुलिनच्या बाबतीत तर सिरिंजही तपासावी लागते. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले, अशी दोन्ही इन्शुलिने मिळतात. पहिल्याच्या सिरिंजला लाल टोपण असते, दुसऱ्याच्या सिरिंजला नारिंगी. शंभराचे इन्शुलिन चाळिसाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर पाव मिलिलिटर औषध आत येते आणि रुग्णाला दहाऐवजी पंचवीस युनिट मिळतात. रक्तातील साखर एवढी उतरू शकते की रुग्ण शुद्ध हरपतो.

सलाईनच्या थेंबांचा हिशेबही याच रीतीने सुटतो. ५०० मिलिलिटर द्रव चार तासांत द्यावयाचा, म्हणजे तासाला १२५ मिलिलिटर. नळीतून एका मिलिलिटरचे वीस थेंब पडत असतील, तर तासाला अडीच हजार थेंब, आणि मिनिटाला सुमारे बेचाळीस. नळी बारीक थेंबांची, म्हणजे मिलिलिटरला साठ थेंबांची असेल, तर मिनिटाला १२५ थेंब. तासाची साठ मिनिटे आणि मिलिलिटरचे साठ थेंब एकमेकांस छेदतात. ज्या मुलीला हे छेदणे एकदा दिसले, तिला वेगळे सूत्र घोकावे लागत नाही.

हिशेबाचे ओझे रुग्णाच्या खाटेपासून दूर नेता येते, हेही कोलकात्यानेच दाखविले आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यातून पाजण्याचा मार्ग धरला. लिटरभर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम सोडा हे प्रमाण कोलकात्यातच मोजून पुड्यांत बांधले जाई. छावणीत उरले ते पाणी मोजणे आणि पाजणे. तेवढे रुग्णाच्या नातेवाइकांनाही जमले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले.

प्रत्येक औषधाची अशी पुडी बांधता येत नाही. तेथे दुसऱ्या परिचारिकेने पहिलीचे उत्तर न पाहता तोच हिशेब स्वतंत्रपणे करणे, हा सर्वांत भरवशाचा पहारा होय. पहिलीचे उत्तर पाहून मान डोलावली तर तपासणी होत नाही, चुकीला साक्षीदार तेवढा मिळतो. दोन उत्तरे जुळली नाहीत, अथवा एका मात्रेसाठी पाच-सहा गोळ्या वा तीन-चार कुप्या लागतील असे दिसू लागले, तर हात थांबवावा आणि विचारावे. नवख्या मुलीला विचारण्याचा संकोच वाटतो. वरिष्ठ रागावतील, आपले अज्ञान उघडे पडेल, असे तिला वाटते. तो संकोच घालविणे हे शिकविणाऱ्यांचे काम आहे, कारण आकडेमोड शिकलेली परंतु विचारण्यास भिणारी परिचारिका रुग्णाच्या दृष्टीने अर्धीच शिकलेली असते.