ऑल-टेरेन टायरची निवड

गोव्यातील सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत मुख्य डांबरी रस्ता सोडून आत वळले की अनेक ठिकाणी जांभ्या दगडाची व लाल मातीची वाट लागते. पावसाळ्यात ही माती निसरडी होते. अशा भागात नित्य जीप अथवा तत्सम मोटार चालविणाऱ्यांपुढे, सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारे ‘ऑल-टेरेन’ टायर घ्यावेत काय, असा प्रश्न उभा राहतो.

साध्या टायरच्या खाचा अरुंद असतात. त्या चिखलाने भरल्या की चाक जागच्या जागी फिरू लागते. ऑल-टेरेन टायरचे रबरी ठोकळे मोठे व खाचा रुंद, खोल असतात; त्यामुळे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. तथापि रुंद खाचांमुळे डांबराला टेकणारे रबर कमी होते. ओल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागू शकते, आवाज वाढतो आणि इंधनही अधिक खर्च होते. चोर्ला घाटासारख्या वळणावळणाच्या मार्गावर हा दोष क्षुल्लक मानता येणार नाही.

यास्तव ज्यांचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्यावर होतो, त्यांनी साधेच टायर वापरणे इष्ट होय. ज्यांना आठवड्यातून अनेकदा कच्च्या वाटेने जावे लागते, त्यांनी सौम्य नक्षीचे ऑल-टेरेन टायर घ्यावेत. केवळ चिखलासाठी बनविलेले टायर रोजच्या वापरास योग्य नव्हेत.

खरेदीपूर्वी टायरच्या बाजूवरील अंक वाचावेत. ‘२३५/६५ आर १७ १०४ एस’ यात २३५ मिलिमीटर रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १७ इंची रिम, १०४ म्हणजे ९०० किलोग्रॅम भारक्षमता व ‘एस’ म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगमर्यादा असा अर्थ होतो. गाडीच्या उत्पादकाने सांगितल्यापेक्षा कमी क्षमतेचा टायर कधीही बसवू नये. ‘२३२४’ असे चार अंक असल्यास तो टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे.

चारही चाकांचे टायर एकाच प्रकारचे व मापाचे असावेत. हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आल्यास, पावसाळा येण्याची वाट न पाहता, तो त्वरित बदलावा.