परवान्याबाहेरचा नाच

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवरील ६४७ क्रमांकाच्या इमारतीत, एकेकाळी उद्योगधंद्यांसाठी बांधलेल्या एका प्रशस्त मजल्यावर डेव्हिड मँक्युसो राहत असत, आणि १४ फेब्रुवारी १९७० रोजी याच राहत्या जागेत त्यांनी निमंत्रितांसाठी नाचाची जी रात्र भरवली, तिच्यातून पुढे ‘द लॉफ्ट’ आकाराला आले. डिस्कोच्या इतिहासकारांनी या जागेबद्दल पुष्कळ लिहिले असले, तरी तिथल्या तबकड्यांच्या क्रमाचा परवान्याच्या कायद्याशी असलेला संबंध मात्र उपेक्षितच राहिला आहे.

मँक्युसो यांची निवड कोणत्याही एका संगीतप्रकाराला बांधलेली नव्हती; ‘वॉर’ या अमेरिकी वाद्यवृंदाचे ‘सिटी, कंट्री, सिटी’, स्पेनमधील ‘बाराबास’ची रॉक गाणी, सोल आणि आफ्रिकी ताल हे सारे एकाच रात्रीत येई. ‘बार्दो’, म्हणजे तिबेटी बौद्ध परंपरेतील मृत्यू आणि पुनर्जन्म यांच्यामधल्या अवस्था, यांवर टिमथी लिअरी व सहकाऱ्यांनी १९६४ साली लिहिलेल्या पुस्तकातून त्यांनी रात्रीची तीन टप्प्यांची आखणी घेतली होती: शांत आरंभ, मधला कल्लोळ आणि पहाटे भानावर आणणारा उतार.

या निवडीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कॅमेरूनचे संगीतकार मनू दिबांगो यांचे ‘सोल माकोसा’. १९७२ साली कॅमेरूनमध्ये भरलेल्या आफ्रिकी चषक फुटबॉल स्पर्धेनिमित्त काढलेल्या तबकडीच्या मागच्या बाजूला असलेले हे गाणे मँक्युसो यांना ब्रुकलिनमधील कॅरिबियन संगीताच्या एका दुकानात मिळाले. ते लॉफ्टमध्ये वाजताच इतर डीजेंनी, आणि त्यानंतर रेडिओवर फ्रँकी क्रॉकर यांनी ते उचलले, आणि अमेरिकेत अधिकृत आवृत्ती निघण्याआधीच त्याची मागणी इतकी वाढली, की १९७३ मध्ये ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत पोहोचले.

मद्यविक्रीवर चालणाऱ्या नाइटक्लबमध्ये हे घडणे अवघड होते, कारण गल्ल्यावर नजर असलेला मालक अनोळखी गाण्याने नाचणारे पांगू देत नाही. लॉफ्टमध्ये मद्य विकलेच जात नसे. निमंत्रितांकडून वर्गणी घेतली जाई आणि फळे, सरबत तिच्यातच मिळे. हीच व्यवस्था पुढे वादाचे मूळ ठरली. न्यूयॉर्कच्या १९२६ च्या कॅबरे कायद्यानुसार, जिथे लोकांना खाणेपिणे विकले जाते तिथे नाच चालवायचा तर परवाना लागे, आणि शहराच्या ग्राहक व्यवहार विभागाने मँक्युसो यांच्याकडेही तो मागितला. इथे विक्री होत नाही आणि ही जागा सर्वांसाठी खुली नाही, ही त्यांची बाजू १९७५ च्या निर्णयात मान्य झाली. या निर्णयाने निमंत्रितांच्या खासगी नृत्यरात्रींना कायद्याचा आधार मिळाला, म्हणूनच त्याचे मोल एखाद्या गाजलेल्या तबकडीपेक्षा अधिक मानले पाहिजे. मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडावे लागले.

त्याच १९७५ मध्ये लॉफ्टच्या ९९ प्रिन्स स्ट्रीट या नव्या पत्त्यावर मँक्युसो आणि डीजे स्टीव्ह डाक्विस्टो यांच्या पुढाकाराने ‘न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल’ स्थापन झाला. ‘पूल’ म्हणजे डीजेंची अशी संघटना, की जिच्यामार्फत ध्वनिमुद्रण कंपन्या नव्या तबकड्या सभासदांना विनामूल्य देत आणि त्या नाचणाऱ्यांना कितपत रुचल्या याचे अभिप्राय मागवत; त्याआधी एकेका तबकडीसाठी डीजेंना कंपन्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागत.