हाडाचं घड्याळ

साताऱ्याकडच्या एखाद्या गावाबाहेर पहाटे पाचला रस्त्याकडेला उभं राहिलं, तर अंधारातून आधी पावलं ऐकू येतात, मग पोरं दिसतात. सैन्यभरतीचं सोळाशे मीटर मारायचं असतं. पहिल्या आठवड्यात छातीचा भाता होतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच पोरं गप्पा मारत पळतात. आणि नेमकी तेव्हाच, अंगात रग भरलेली असताना, त्यांतल्या एखाद्याची नडगी दुखायला लागते. ‘पळून पळून जाईल’ असं मित्र सांगतात. तोही पळत राहतो.

या दुखण्याची पहिली नोंद एका लष्करी डॉक्टरच्या नावावर आहे. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्टनं लिहून ठेवलं की लांब कूच केल्यावर धडधाकट शिपायांची पावलं सुजतात, दुखतात. ना मार लागलेला, ना कुठे पडलेले. पायाच्या आतल्या मऊ भागाला सूज येत असावी, असं त्याला वाटलं. त्याच्या हातात डोळे आणि बोटं एवढीच साधनं होती. 1895 च्या अखेरीस राँटगेननं क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांत, 1897 मध्ये, श्टेखोव्ह नावाच्या दुसऱ्या लष्करी डॉक्टरनं त्या सुजलेल्या पावलांचे फोटो काढून पाहिले. आत हाडं मोडलेली होती. नुसतं चालून!

पोलादासारखं हाड चालण्यानं कसं मोडेल? हा प्रश्न मला वाचता वाचता जिथे घेऊन गेला, तिथून मी अजून परत आलेलो नाही.

आपण हाडाला दगड समजतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला सांगाडा पाहून ती समजूत पक्की होते, पण तो सांगाडा मेलेला असतो. जिवंत हाड ही कायम काम चालू असलेली इमारत आहे. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. हाडाच्या आत, चुन्याच्या भिंतीत चिणून बसलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. एका माणसात त्या सुमारे 4,200 कोटी भरतात असा हिशेब आहे. प्रत्येक पेशीला बारीक बारीक हात फुटलेले, आणि ते केसाहून कितीतरी अरुंद नळ्यांतून शेजारणीच्या हातांपर्यंत पोचलेले. आपण पाऊल टाकलं की हाड डोळ्याला दिसणार नाही इतकं वाकतं, नळ्यांतलं पाणी हलतं आणि त्या पेशींना कळतं की इथे भार आला. आपण पळत असताना नडगीच्या आत ही अशी कुजबुज चालू असते.

भार वाढला तर हाडाला स्वतःला मजबूत करायचं असतं. इथे हाडाची पद्धत अशी, की आधी पोखरायचं आणि मग भरायचं. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी सैल झालेले दगड आधी काढून टाकतो, तसंच. ऑस्टिओक्लास्ट या पेशी आम्ल सोडून हाड विरघळवतात आणि बोगदा खणत पुढे जातात. दिवसाला साधारण केसाच्या निम्म्या जाडीइतका. त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि बोगद्याच्या भिंतीवर नव्या हाडाचे थरांवर थर चढवतात. एका जागचं खणणं दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भरायला मात्र तीन-चार महिने लागतात.

हा हिशेब प्रशिक्षणाच्या कॅलेंडरवर मांडून पाहा. काही दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, महिन्याभरात स्नायू जोर धरतात. त्याच महिन्यात नडगीत जागोजाग बोगदे खणलेले असतात आणि भरणारे गवंडी मागे पडलेले असतात. म्हणजे जवानाला आपण सगळ्यात तंदुरुस्त आहोत असं वाटतं, त्या दिवसांत त्याचं हाड सगळ्यात पोकळ असतं. एकाच पायात दोन घड्याळं चालू असतात आणि दुसऱ्याचा आवाज त्याला ऐकूच येत नाही.

ते दुसरं घड्याळ ऐकणं हे एका माणसाचं काम आहे. आपल्या फौजेत पीटी घेणाऱ्याला ‘उस्ताद’ म्हणतात, आणि उस्तादांना तयार करणारी सैन्याची शारीरिक प्रशिक्षण संस्था आपल्या पुण्यातच आहे. त्याच शहरात सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात क्रीडावैद्यकाचा विभागही आहे. अमेरिकी लष्करानं 2020 साली तंदुरुस्तीचं नियमपुस्तक नव्यानं लिहिलं. त्यात व्यायामाच्या जोडीनं आहार, मन, अध्यात्म आणि झोप यांना जागा दिली, आणि ब्रिगेडच्या पातळीवर स्ट्रेंथ कोच, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ यांचे ताफे नेमायला सुरुवात केली. शिट्टी फुंकून ‘अजून एक फेरी’ म्हणणारा माणूस सगळ्यांना माहीत आहे. ‘आज पुरे’ कधी म्हणायचं हे या लोकांना हाडाकडून शिकावं लागतं. ते काम जास्त अवघड आहे असं मला वाटतं, कारण समोरचा जवान पळायला तयार असतो आणि वरचा अधिकारी निकालाची वाट पाहत असतो.

इस्रायलच्या लष्कराची गोष्ट यासाठी मुळातून समजून घ्यावी अशी आहे. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पायदळाच्या 295 रंगरुटांमागे लागून त्यांची हाडं तपासली गेली, तर 31 टक्के जणांना स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भारानं हाडाला गेलेली भेग, झालेलं निघालं. जवळजवळ प्रत्येक तिसरा! मग तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षं चिकाटीनं उपाय शोधले. बूट बदलून पाहिले, बुटात वेगळे तळवे घालून पाहिले. अखेर मोठा फरक पडला तो दोन साध्या गोष्टींनी. रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कूच करायचं एकूण अंतर कमी केलं. फ्रॅक्चरचं प्रमाण 60 टक्क्यांहून जास्त घटलं.

ऑस्ट्रेलियातली गोष्ट तर वाचून मी थक्क झालो. तिथे मुलींना सैनिकी प्रशिक्षणात जांघेजवळच्या हाडाला फ्रॅक्चर व्हायचं. दर शंभरात अकरांहून जास्त जणींना. कारण निघालं संचलनाच्या लयीत. रांगेत सगळ्यांची पावलं एकाच लांबीची पडायला हवीत, आणि ती लांबी ठरवलेली उंच पुरुषांच्या पायांवरून. बुटक्या मुली प्रत्येक पावलाला आपली टांग ताणून पुढे टाकत होत्या, दिवसभर, आठवडेच्या आठवडे. मग कूच जरा हळू केली, प्रत्येकीला तिच्या उंचीचं पाऊल टाकू दिलं, माणसांत अंतर ठेवलं, पळायला मऊ जमीन दिली. 11.2 टक्क्यांचं प्रमाण 0.6 टक्क्यांवर आलं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त पाऊल जिचं तिला परत दिलं. आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 मध्ये पहिल्यांदा मुली दाखल झाल्या आणि मे 2025 मध्ये त्यांतल्या 17 जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या. संचलनाचं ते चित्र पाहताना माझं लक्ष राहून राहून बुटांकडे जात होतं.

आहाराचाही हात असतो. अमेरिकी नौदलात 5,201 महिला रंगरुटांवर केलेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रोज कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चर 20 टक्क्यांनी कमी निघाली. गवंडी कितीही चांगला असला तरी चुना लागतोच.

हाडाचं आणखी एक वागणं प्रयोगशाळेत उंदरांच्या पायांवर दिसलं. हाडाला एकसारखे धक्के देत राहिलं तर काही डझन धक्क्यांनंतर ते जणू बहिरं होतं. पुढच्या शेकडो धक्क्यांची नोंदच घेत नाही. काही तास शांत ठेवलं की पुन्हा ऐकू लागतं. दिवसाचे 360 धक्के एकदम देण्याऐवजी 90-90 चे चार हप्ते केले, तर तेवढ्याच कामातून हाड जास्त पक्कं झालं. सलग दोन तास डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या पोराच्या पायांना पहिली काही मिनिटंच ऐकू जातात. पुढचं सगळं झिजेच्या खात्यावर.

हाड मोडायला आलंय का, हे ओळखायची एक तपासणी मैदानावरही करता येते. दुखतं कुठे, असं विचारायचं आणि हाताकडे पाहायचं. पोरानं सबंध नडगीवरून तळवा फिरवला तर बहुतेक वेळा ती स्नायू आणि हाडावरच्या पापुद्र्याची कुरबुर असते. त्यानं एकच बोट एकाच जागी टेकवलं, त्याच पायावर उडी मारताना चेहरा आक्रसला, तर त्या दिवशी पळणं बंद करून डॉक्टर गाठायचा. साधा एक्स-रे सुरुवातीला अनेकदा निर्मळ दिसतो. एमआरआयमध्ये मात्र भेग पडण्याआधीच हाडाच्या आतली सूज उमटते. ब्राइटहाउप्टला हवं होतं ते यंत्र त्याच्या सव्वाशे वर्षांनंतर आलं.

‘सहा आठवडे पळायचं नाही’ हे ऐकून पोराचा चेहरा पडतो. भरतीची तारीख तोंडावर, आणि सोळाशेची कमावलेली वेळ हातून जाणार. इथे जाणकार प्रशिक्षक दोन घड्याळं वेगळी करून दाखवतो. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं जेमतेम दहा टक्के वजन उरतं. खोल पाण्यात, तळाला पाय न लावता पळण्याची क्रिया केली तर हृदय, फुप्फुसं, मांड्या पूर्ण कामाला लागतात आणि नडगीला एकही धक्का बसत नाही. मोठ्या सैन्यदलांकडे यासाठी पोहण्याचे तलाव आहेत. साताऱ्याच्या पोरांकडे विहीर आहे. पोहता येतंच, कमरेला फ्लोट बांधायचा, काठावर एक मित्र घड्याळ धरून बसवायचा. तो वरून ओरडतो, ‘अजून दोन मिनिटं!’ आणि खाली हिरव्या पाण्यात दोन पाय जोरात पळत असतात, कशालाही न टेकता, आणि त्यातल्या एका नडगीत गवंडी थरावर थर चढवत असतात.