एहराम हातातल्या बॅगेत ठेवा

रमजानमधील उमऱ्याचा सवाब हजच्या बरोबरीचा आहे, असे हदीसमध्ये येते. त्यामुळे वर्षानुवर्षे साठवलेली पुंजी घेऊन अनेक जण याच महिन्यात मक्केकडे निघतात. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीकडून जाणाऱ्यांत वयस्कर मंडळी बरीच. विमान त्यांनी आजवर शेताच्या बांधावरून, आभाळात पाहिलेले. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाहला यात्रेकरूंचे जहाज जात असे. त्या लांबच्या प्रवासात नवख्या माणसाला सोबतचे जाणते लोक हळूहळू सारे शिकवत. विमानात तेवढी उसंत मिळत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक एहरामची. पुरुषांच्या त्या दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी बरेच जण मोठ्या बॅगेत नीट घडी घालून ठेवतात. ती बॅग काउंटरवर जमा होते आणि थेट जेद्दाहलाच हाती येते. विमान मात्र त्याआधीच मीकातची हद्द ओलांडून गेलेले असते. उमऱ्याला निघालेल्याने एहरामशिवाय ती हद्द ओलांडली, तर मीकातपर्यंत परत फिरावे लागते किंवा दम म्हणून कुर्बानी द्यावी लागते. म्हणून एहराम, साधी चप्पल आणि कमरेचा पट्टा हातातल्या बॅगेत ठेवावा. थेट विमान असेल तर घरून किंवा विमानतळावरूनच एहराम बांधून निघावे. दोहा, शारजासारख्या ठिकाणी विमान बदलायचे असेल तर तिथे बांधता येतो. विमानातल्या अरुंद स्वच्छतागृहात चादर गुंडाळत बसण्याची वेळ आणू नये. नियत मीकातच्या आधी करायची असते. बऱ्याच विमानांत तशी सूचना देतात, पण झोप लागली तर ती ऐकू येत नाही. शेजाऱ्याला सांगून ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. विदर्भाच्या रश्श्याला खसखस लागते आणि घरच्या मसाल्यात ती वाटलेली असते. सौदी अरेबियात खसखस अमली पदार्थांत मोडते आणि तिथला कायदा याबाबत फार कडक आहे. आईने प्रेमाने दिलेली मसाल्याची पुडीही मुलाला तुरुंगापर्यंत नेऊ शकते. मसाल्याचा डबा घरीच राहू द्यावा. खर्राही घरीच. कुणी ‘आमच्या माणसाला तेवढी पिशवी द्या’ म्हणाले, तर ओळखीचे असले तरी न उघडता घेऊ नये. नाही म्हणताना जीव कानकोंडा होतो, पण बॅगेत सापडलेल्या वस्तूचा जाब ज्याची बॅग त्यालाच द्यावा लागतो.

हातातल्या बॅगेत लोणचे, तूप, अत्तराची मोठी बाटली, कात्री चालत नाही. पाण्याची बाटली तपासणीआधी रिकामी करावी. मोबाईलची पॉवर बँक मात्र हातातच हवी, जमा करायच्या बॅगेत ती चालत नाही. इन्सुलिन आणि रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळ ठेवावीत. बॅग चुकली तर तिच्यासोबत औषधही जाते. मेंदूज्वराच्या लसीचा दाखला पासपोर्टसोबत असावा. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे तिकीट काढतानाच पाहावे. शेख, बी, बानो अशा नावांच्या पुढेमागे होण्याने काउंटरवर माणसे अडतात.

भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. विमानतळ मात्र शहराच्या पलीकडच्या अंगाला, वर्धा रोडकडे. शहर ओलांडायला लागणारा वेळ हिशेबात धरून, विमान सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचावे. निरोप द्यायला चार गाड्या भरून नातेवाईक येतात, दारापाशी हार आणि गळाभेटी चालतात. आत फक्त प्रवाशाला सोडतात आणि काउंटर ठरल्या वेळी बंद होतो. गळाभेटी मोहल्ल्यातच उरकलेल्या चांगल्या. गुडघे दुखणाऱ्या नानीसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवावी. त्यात कमीपणा नाही. सरकत्या जिन्याची भीती वाटली तर लिफ्ट असते. काही कळले नाही तर गणवेशातल्या माणसाला सरळ विचारावे. न विचारता भलत्याच रांगेत उभे राहण्यात जास्त वेळ जातो.

आता रोज्याचे. दुपारी निघालेले विमान पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागे जाते. मार्चमध्ये भंडाऱ्यात साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. त्याच दिवशी जेद्दाहला तो मावळेपर्यंत आपल्या घड्याळात नऊ वाजून गेलेले असतात. भंडाऱ्यात सहरी करून निघालेल्याचा रोजा असा पावणेतीन तासांच्या आसपास लांबतो. इफ्तार भंडाऱ्याच्या वेळेला करायचा नसतो आणि खाली जमिनीवर दिसणाऱ्या अंधारावरूनही नाही. खिडकीतून सूर्य मावळलेला दिसला की मग. चार खजुरा खिशात असाव्यात. मुसाफिराला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने दिली आहे. मधुमेह असलेल्या वडिलांनी त्या दिवशी हट्ट धरला, तर मुलांनी मौलाना आणि डॉक्टर दोघांनाही निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. विमान उडाल्यावर हा वाद घरच्यांना सोडवता येत नाही.

विमान वर चढताना आणि उतरताना कानांत दडे बसतात. थुंकी गिळली किंवा जांभई दिली की ते सुटतात. वजू करताना स्वच्छतागृहाची फरशी ओली करू नये, मागून येणारा घसरतो. पाणी सोडल्यावर तिथे मोठा आवाज होतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

परतताना प्रत्येकाला जमजम हवे असते. ते घरून नेलेल्या डब्यात भरून कपड्यांच्या बॅगेत कोंबू नये, तपासणीत काढून ठेवतात. पाच लिटरचा सीलबंद खोका मिळतो, तोच घ्यावा आणि आपल्या विमान कंपनीचा नियम जातानाच विचारून ठेवावा.