पावसाआधीची यादी



16 एप्रिल 2024 चा पाऊस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नसेल. अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला. 1949 पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा पाऊस. आपल्या रास अल खैमात वादीच्या लोंढ्यात गाडी वाहून गेली आणि सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांचा जीव गेला.

त्या दिवशी आपल्या फोनवर काय चाललं होतं? एकच मेसेज दहा ग्रुपमध्ये: ‘तळमजल्यावर कुटुंब अडकलंय, मदत हवी.’ कुठली इमारत, किती वाजता, माणसं अजून तिथेच आहेत का, काहीच कळत नव्हतं. मीही असा एक मेसेज तसाच पुढे पाठवला. ते कुटुंब तोवर नातेवाइकांकडे पोहोचलंही होतं. इतकी वर्षं आयटीत काढूनही एक फोन करून विचारावं, हे मला सुचलं नाही.

ऑगस्ट 2018 च्या महापुरात केरळच्या आयटी मिशनने स्वयंसेवक प्रोग्रामरांना सोबत घेऊन ‘केरळ रेस्क्यू’ ही वेबसाइट उभी केली. मदतीच्या विनंत्या एका जागी आल्या. पण वेबसाइट झाली म्हणजे काम संपलं नाही. प्रत्येक नंबरवर फोन करायचा, दुबार नोंदी काढायच्या, सुटका झालेल्यांची नोंद बंद करायची. नोंद उघडी राहिली की बोट रिकाम्या घराकडे जाते आणि खरा अडकलेला माणूस वाट पाहत राहतो.

म्हणून आपल्याला नवं ॲप नको. सहा-सात माणसं आणि एक सामायिक एक्सेल शीट पुरे. रकाने पाचच: नेमकं ठिकाण, फोन नंबर, माणसं किती, शेवटचा फोन किती वाजता झाला, आणि नोंद चालू की बंद. दोघांनी फोन करायचे, एकानेच शीट भरायची, दर चार तासांनी पाळी बदलायची. इमारतीतले एकटे राहणारे वृद्ध, आजारी, बाळंतीण यांची यादी त्यांना विचारूनच आधी करून ठेवायची.

मर्यादाही पक्क्या हव्यात. सुटकेचं काम आपलं नाही. पहिला फोन पोलिसांना 999, रुग्णवाहिकेला 998, अग्निशमनासाठी 997. आपत्तीच्या काळात अफवा पसरवल्यास 2021 च्या कायद्यानुसार किमान दोन वर्षं कैद आणि दोन लाख दिरहम दंड आहे. परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणंही गुन्हा आहे. प्रत्यक्ष मदतीला जायचं असेल, तर सरकारच्या वॉलंटियर्स डॉट एई वर आधी नाव नोंदवा.

पाऊस सुरू झाल्यावर माणसं जमवायला वेळ नसतो. या शुक्रवारी शेजारच्या दोन घरांची दारं वाजवा, यादी तिथूनच सुरू होईल.

काळजी घ्या. नमस्कार!